‘नातं’ या रकान्यातली रेघ

आपल्या आदिलाबादच्या आठवणींमध्ये आतापर्यंत बरंच लिहून झालं. मराठी शाळा, गणपतीतली नाटकं, पैनगंगेचा पूर, किनवटच्या सोयरिकी, माहूरची रेणुकामाता. मी सगळं वाचतो, लाईक करतो आणि गप्प बसतो. आज जे लिहितोय ते गोड आठवणीत बसणार नाही, कारण त्यात मी स्वतः काही चांगला दिसत नाही. पण गेल्या महिन्यात घरात एक भांडण झालं आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट वर आली. ती सांगितल्याशिवाय आता चैन पडत नाही.

भांडण असं. माझी भाची हैदराबादला, गच्चीबावलीत एका कंपनीत नोकरीला आहे. तीन वर्षांपासून ती एका तेलुगू मुलासोबत राहते. लग्न केलेलं नाही. ताईला आणि भाऊजींना हे माहीत होतं, पण ‘आपल्याला माहीत नाही’ असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आपल्या घरांमध्ये ठरवतात तसंच. गेल्या पावसाळ्यात त्या मुलाला डेंग्यू झाला, प्लेटलेट उतरल्या, पाच दिवस दवाखान्यात काढले. बिल गेलं भाचीच्या कंपनीच्या मेडिक्लेममधून, कारण तिनं फॉर्ममध्ये जोडीदार म्हणून त्याचं नाव दिलं होतं आणि कंपनीनं ते घेतलं होतं. ही गोष्ट फिरत फिरत घरच्या ग्रुपवर आली आणि दोन दिवस ग्रुप नुसता पेटला. “लग्न नको, जबाबदारी नको, विमा मात्र पाहिजे!” “या कंपन्याच आपल्या पोरांना बिघडवून राहिल्या.” भाऊजींनी लिहिलं, “मी चौतीस वर्षं मास्तरकी केली. मेडिकल बिलात बायकोशिवाय दुसरं नाव लिहायची माझी हिंमत झाली असती का?”

शेवटी ताईनं मला फोन केला. “दादा, तू घरातला मोठा. तू काहीच बोलत नाहीस?”

मी म्हटलं, बोलतो. पण बोलायला मला आधी जिनिंगमध्ये जावं लागेल.

मी आदिलाबादच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेबनीस होतो. नाव सांगत नाही. सेठ गेले, जिनिंगही विकली गेली. जुन्या लोकांना आठवत असेल, दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत कापसाच्या बंड्यांची रांग रस्त्यावर यायची, बैल तिथंच बसायचे, शेतकरी बंडीखाली झोपायचे. आत रात्रंदिवस मशीन चालायच्या. एकीकडे सरकी, एकीकडे रुई, हवेत पांढरा फुफाटा, आणि सगळ्यांना खोकला. हंगामी मजूर येत-जात राहायचे. बारमाही माणसं मोजकीच, त्यातला एक आमचा फिटर. सगळे त्याला फिटरमामा म्हणायचे. रोलर घासणं, सुऱ्या बसवणं, पट्टे बदलणं, सगळं त्याच्याकडे. मशीन बिघडायच्या आधी आवाजावरून सांगायचा, “चौथ्या नंबरची सुरी बसली पाहा.” आणि बसलेलीच असायची.

मामा मूळचा किनवटकडचा. (किनवट १९५६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं, हे आजच्या पोरांना सांगितलं की खरं वाटत नाही.) आई-वडील कधीच गेलेले. लग्न केलेलं नव्हतं. स्टेशनच्या बाजूला दोन खोल्यांत एका बाईसोबत राहायचा. तिला आम्ही मावशी म्हणायचो. ती कोवळ्या वयात विधवा झालेली, पहिल्या नवऱ्यासोबत संसार चौदा महिन्यांचा. बसस्टँडजवळ ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि पिठलं विकायची. दुपारी साडेबाराला मामाचा डबा घेऊन गेटवर हजर. वीस-एक वर्षं मी तो डबा पाहिला. पावसात डोक्यावर पोतं घेऊन आलेली पाहिली, मामा आजारी असला की त्याच्या हजेरीची चिठ्ठी घेऊन आलेली पाहिली.

आमच्या बायका तिच्याकडून भाकरी घ्यायच्या, पण हळदीकुंकवाला बोलवायच्या नाहीत. विधवा म्हणून नाही आणि ‘तसली’ म्हणूनही नाही. दोन्ही कारणं सोयीची होती. तिच्यासाठी एक शब्द होता, ‘ठेवलेली’. तुम्हालाही माहीत आहे तो शब्द. खोल्या तिच्या भाड्याच्या, भाडं ती भरायची, मामा तिथं राहायला आला. म्हणजे ठेवलेलं कोणी असेलच तर तो मामा. पण त्याला कोणी ‘ठेवलेला’ म्हटलं नाही. मराठीत तो शब्द पुरुषाला लावत नाहीत.

आता फॉर्मची गोष्ट. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कामगारांसाठी नवी पेन्शन योजना लागू झाली, ईपीएस. त्याआधी पीएफवाल्याला निवृत्तीनंतरचं असं पेन्शन नव्हतं. त्यामुळे १९९६ साली मी सगळ्या बारमाही लोकांचे फॉर्म नव्यानं भरून घेतले. तो फॉर्म नंबर २. भाग ‘अ’ मध्ये पीएफचा वारस लिहायचा, भाग ‘ब’ मध्ये पेन्शनचा. ग्रॅच्युइटीचा वेगळा, फॉर्म ‘एफ’. सगळं इंग्रजीत. कामगारांना वाचता येत नसे, मी विचारायचो आणि लिहायचो. मामा टेबलासमोर उभा राहिला, हात तेलाचे म्हणून कागदाला लावेना.

मी विचारलं, “वारस म्हणून कोणाचं नाव टाकू?”

“घरवालीचं टाका नं भाऊ.”

“लग्न झालं का तुमचं?”

“नाही.”

“मग ती कशी लिहिता येईल? नातं काय लिहू इथं? पुतण्या आहे ना गावाकडं?”

मामा जरा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “तुम्हाले समजते, भाऊ. तुमी म्हणता तसं.”

मी पुतण्याचं नाव लिहिलं. नातं, पुतण्या. भाग ‘ब’ मध्ये पत्नी नाही, मुलं नाहीत, म्हणून तिरकी रेघ मारून ‘निल’ लिहिलं. मामानं सही केली. त्याला सहीपुरतं येत होतं. काम पाच मिनिटांचं. मी मनात म्हटलं, चला, एक घोळ टाळला.

२००१ च्या मार्चमध्ये, हंगाम संपत आला होता तेव्हा मामा गेला. खोकला जुनाच होता, त्या वर्षी तो उठलाच नाही. तेरवीला पुतण्या आला, सोबत गावचे दोघं. वाईट मुलगा नव्हता, हे मला सांगायला हवं. त्याला फक्त हे माहीत होतं की काकाचे पैसे आहेत आणि कागदावर नाव आपलं आहे. ग्रॅच्युइटीचा हिशोब मी केला: महिना २,६०० रुपये पगार, वर्षाला पंधरा दिवसांचे १,५०० रुपये, नोकरी १९ वर्षं. २८,५०० रुपये. आकडा पाठ आहे, कारण चेक मी लिहिला. पीएफ आणि त्यासोबतचा विमा वेगळा, तोही त्यालाच. पेन्शन कोणालाच नाही, कारण तिथं रेघ होती.

मावशी त्यानंतर आठवड्यानं आली. डब्याच्या वेळेलाच. गेटच्या आत आली नाही, मला बाहेर बोलावलं. म्हणाली, “भाऊ, त्यायच्या नावाचं काही निघते का? दवाईच्या दुकानाची उधारी राहिली.” मी म्हटलं, “मावशी, तुमचं नाव नाही ना कागदावर.” तिनं वाद घातला नाही. “हाव, माझं कसं राहील,” इतकंच बोलून गेली. सेठनी स्वतःच्या खिशातून पाचशे पाठवले. ती उधारी तिनं भाकरी विकून फेडली, मला नंतर दुकानदारानंच सांगितलं.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, वाईट झालं, पण कायदाच तसा, हिशेबनीस काय करणार? मीही अकरा वर्षं हेच म्हणत होतो. २०१२ मध्ये मी निवृत्त झालो. माझे कागद करताना तोच फॉर्म नंबर २ पुन्हा हातात आला. आयुष्यात शेकड्यानं भरलेला कागद, पहिल्यांदा पूर्ण वाचला. वारसाच्या रकान्याखाली एक छापील वाक्य आहे. त्याचा अर्थ असा, की योजनेत सांगितलेलं ‘कुटुंब’ मला नाही, आणि पुढे कुटुंब झालं तर हे नाव रद्द समजावं. ‘कुटुंब’ म्हणजे बायको, मुलं, अवलंबून असलेले आई-बाप आणि मेलेल्या मुलाची बायको-मुलं. बस. भाऊ त्यात नाही, पुतण्याही नाही. ज्याला असं कुटुंब नाही त्याला कोणाचंही नाव लिहिता येतं. कोणाचंही! ग्रॅच्युइटीच्या कायद्यात तसंच. आणि पेन्शनच्या भागात तर वेगळी जागाच छापलेली असते, की बायको-मुलं नसली तर विधवेइतकं पेन्शन ज्याला मिळावं असं वाटतं त्याचं नाव इथं लिहा. ते पेन्शन तहहयात. २०१४ पासून त्याची किमान रक्कम महिना १,००० रुपये झाली.

म्हणजे पुतण्या कायद्याच्या लेखी मावशीइतकाच परका होता. ज्या वाक्याखाली मी पुतण्याचं नाव लिहिलं, त्याच वाक्याखाली तिचं नाव लिहिता आलं असतं. दार उघडं होतं. ते मी लावलं, आणि लावताना मला वाटत होतं की मी नियम पाळतोय.

ग्रुपवर सगळे म्हणत होते की कंपन्या हे नवं खूळ आणून राहिल्या. नवं काय आहे यात? आपल्या शेतकरी जातींमध्ये लग्नाची बायको आणि पाटाची बायको असे दोन शब्द होते. विधवेचा पाट लागायचा, कुठं त्याला म्होतूर म्हणायचे. रात्रीच्या वेळी, वाजंत्री नाही, मांडव नाही, चार माणसं आणि एक लुगडं. दर्जा कमी धरायचे, पण घरात घ्यायचे आणि पोरांना वाटा द्यायचे. आपल्या आजी-पणज्यांमध्ये पाटाच्या किती होत्या, शोधायला गेलं तर पुष्कळांची बोलती बंद होईल. पुढे आपण शिकलो, पत्रिका छापल्या, मंगल कार्यालयं बुक केली, आणि पाट हा शब्द घरातून काढून टाकला. माणसं मात्र तशी राहतच होती. त्यांच्यासाठी मग एकच शब्द उरला, वर सांगितलेला.

आणि लग्नाचा पुरावा म्हणाल तर तो तरी कोण मागतं? मी १९७९ मध्ये माझ्या फॉर्मवर बायकोचं नाव लिहिलं. सर्टिफिकेट नव्हतं. आपल्याकडे लग्ननोंदणी सक्तीची झाली ती २००२ च्या आंध्र प्रदेशच्या कायद्यानं. त्याआधीची आपली सगळी लग्नं अक्षता आणि जेवणावळीच्या साक्षीची. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला गेला, कारण मी टेबलाच्या अलीकडे बसणारा होतो. मामाच्या शब्दाला मी उलटा प्रश्न विचारला.

कोर्टांनी आपल्यापेक्षा थोडं जास्त धैर्य दाखवलं आहे. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टात एका कोळसा खाणीतल्या कामगाराचा खटला होता. लग्नाची बायको हयात, आणि कामगारानं पीएफला वारस म्हणून नाव लावलेलं दुसऱ्या बाईचं, जिच्यासोबत तो राहायचा आणि जिच्यापासून त्याला मुलं होती. दुसरं लग्न कायद्यानं लग्नच नाही. तरी कोर्टानं म्हटलं, नाव तिचं आहे, वारस दाखला तिला द्या. मात्र लग्नाच्या बायकोचा पाचवा हिस्सा राखून ठेवा. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आपल्या शेजारच्या चंद्रपूरचे. (हैदराबादच्या दिशा प्रकरणातल्या चकमकीच्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष, तेच.) खाणीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला कामगारांचे संसार कसे असतात हे वेगळं सांगावं लागलं नसेल, असं आपलं मला वाटतं. पुढे १६ ऑगस्ट २०२२ ला एका नर्सबाईंच्या बाळंतपणाच्या रजेच्या खटल्यात न्यायमूर्ती चंद्रचूड आणि बोपण्णांनी लिहिलं, की कुटुंब म्हणजे फक्त आई, बाप आणि मुलं असं नसतं. लग्नाशिवाय एकत्र राहणारे जोडीदार आणि समलिंगी जोडपी यांचंही कुटुंब असतं.

कंपन्यांचं म्हणाल तर, १९८२ साली न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकानं कर्मचाऱ्यांच्या बिनलग्नाच्या जोडीदारांना विम्यात घेतलं, आणि अमेरिकेत तिथून ही चाल पडली. आपल्याकडे टाटा स्टीलनं २०१९ मध्ये समलिंगी कर्मचाऱ्यांना जोडीदाराचं नाव नोंदवू दिलं. ॲक्सिस बँकेनं २०२१ च्या सप्टेंबरपासून कर्मचाऱ्याला मेडिक्लेममध्ये जोडीदाराचं नाव देता येईल असं जाहीर केलं. जोडीदार स्त्री की पुरुष, लग्न झालं की नाही, हे विचारायचं नाही. भाचीची कंपनी काही जगावेगळी नाही.

आता भाऊजींच्या बाजूचंही बोलतो, कारण त्यांचं सगळंच चुकीचं नाही. “लग्न करून टाका ना, कोणी अडवलं?” हा त्यांचा मुख्य मुद्दा. काहींना खरंच अडवलेलं असतं. दोन मुली किंवा दोन मुलगे एकत्र राहत असतील तर त्यांना लग्नाची सोयच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं ती द्यायला नकार दिला. त्यानंतर २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या अर्थखात्यानं एवढं स्पष्ट केलं, की अशांना जोडखातं उघडायला आणि एकमेकांना खात्यावर नॉमिनी करायला काही बंदी नाही. म्हणजे बँकेच्या कागदावर ते एकमेकांचे होऊ शकतात, आपल्या दिवाळीच्या फोटोत नाही. आणि मावशीसारख्यांचं काय? तिच्या तोंडून एकदाच ऐकलं होतं, “एकदा अक्षता पडल्या भाऊ, त्याचं काय झालं ते पाहिलं.” आपण त्यावर काय बोलणार?

दुसरा मुद्दा ताईचा, आणि तो मला जास्त छळतो. “असं सुरू झालं की गावाकडच्या बायकोला सोडून शहरात दुसरीसोबत राहणारे पुरुष तिचंच नाव लावतील. त्या बिचारीनं कुठं जायचं?” बरोबर आहे. मी टेबलावर बसून असे दोन-तीन नमुने पाहिले आहेत, मुंबईत एक आणि भैंशात एक. म्हणूनच पीएफ आणि ग्रॅच्युइटीत बायको असताना परक्याचं नाव चालत नाही, आणि ते तसंच राहावं असं माझं मत आहे. ते पैसे म्हणजे संसाराची पुंजी, त्यात घरी बसून राबलेल्या बाईचा घाम आहे. नवऱ्यानं एका सहीत तो पुसून टाकू नये. पण मेडिक्लेम ही पुंजी नाही. तो वर्षाचा हप्ता आहे, आणि कोण आजारी पडल्यावर हा माणूस कामावर येऊ शकणार नाही, एवढाच त्याचा संबंध. तिथं कंपनीनं एक नाव विचारावं, एकत्र राहत असल्याचं लिहून घ्यावं, वर्षातून एकदाच बदलू द्यावं. लग्न झालेल्यांवर जेवढा विश्वास ठेवतात तेवढाच इथं ठेवावा. खोटं लिहिणारे निघतील. खोटी सासू आणि खोटं भाडं दाखवणारे काय कमी आहेत आपल्यात? उत्तराखंडात २०२५ च्या जानेवारीपासून एकत्र राहणाऱ्यांना सरकारी नोंदणी सक्तीची केली, तसलं काही मला नको वाटतं. जोडीदाराला दवाखान्यात न्यायला ठाण्यात वर्दी दिल्यासारखं कशाला?

एक मात्र भाचीलाही सांगितलं, आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी पोरं असतील तर त्यांनाही सांगा. मेडिक्लेममध्ये नाव लागलं म्हणजे सगळं झालं असं समजू नका. स्वतः हप्ता भरून जोडीदाराचा विमा काढला तर इन्कमटॅक्सची ८०डीची सवलत मिळत नाही, कारण तिथं कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलंच. आयुर्विम्यात नॉमिनी लावता येईल, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सुप्रीम कोर्टानं १९८३ मध्येच सांगून ठेवलंय. २०१५ च्या दुरुस्तीनं नॉमिनीला मालकासारखा हक्क दिला तोही फक्त आई-बाप, नवरा-बायको आणि मुलांना. जोडीदाराच्या हातातला पैसा उद्या भाऊ-पुतणे मागू शकतात. म्हणून साध्या कागदावर का होईना मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. वय तीस असलं तरी करा. मामा बावन्नचा होता.

मावशी मला शेवटची भेटली २०१९ मध्ये, मंडल ऑफिसच्या बाहेर. ओळखलं तिनंच. पाठ वाकली होती, भाकरीचं दुकान बंद केलं होतं. मी विचारलं, “चालतं कसं मावशी?” म्हणाली, “आसरा पेन्शन भेटते नं, विधवेची. आता दोन हजार सोळा केली.” मी विचारलं, मामाचा दाखला जोडला का? ती हसली. “त्यायचा कसा चालन भाऊ? पहिल्याचा जोडला.”

चौदा महिन्यांच्या नवऱ्याची ती सरकारदरबारी विधवा होती. वीस वर्षं जिच्या हातचा डबा खाल्ला, त्या माणसाच्या कागदावर तिच्या जागी माझ्या हातची रेघ होती. मी तिथंच तिला सांगायला पाहिजे होतं, की मावशी, तुमचं नाव लिहिता येत होतं, मी लिहिलं नाही. नाही सांगितलं. चहा पाजला आणि आलो. दोन वर्षांनी कळलं की ती गेली. हे इथं लिहितोय ते तिला सांगायचं राहिलं म्हणून.

तर ताईला मी एवढंच सांगितलं, की पोरीच्या लग्नाबद्दल तुला जे वाटतं ते वाटू दे, तू आई आहेस. मलाही त्यांनी लग्न केलं तर आवडेल, मी जेवायला येईन. पण तो मुलगा तापानं फणफणलेला असताना पाच रात्री त्याच्या उशाशी कोण बसलं होतं, हे कंपनीला कळलं आणि आपल्याला कळलं नाही, याची लाज मला कंपनीची वाटत नाही. ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तो मुलगा काय खातो रे? म्हणजे आलाच कधी तर.” भाऊजी अजून ग्रुपवर बोलत नाहीत.

परवा भाचीचा फोन आला. “मामा, ग्रॅच्युइटीचा फॉर्म आलाय. आई-बाबा माझ्यावर अवलंबून नाहीत, बाबांना पेन्शन आहे. त्याचं नाव लिहिलं तर चालेल ना? आणि नातं काय लिहू?” मी म्हटलं, जोडीदार लिही, मित्र लिही, तुला जे वाटतं ते लिही, ती जागा मोकळी सोडू नको. तिनं भरलेल्या फॉर्मचा फोटो पाठवला. मी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत पाहिला आणि परत पाठवला. त्याचं आडनाव तिनं आपल्यासारखं शेवटी लिहिलं होतं. तेलुगू माणसांत घराण्याचं नाव आधी येतं, आधारवरही तसंच असणार. ते जुळवून घे म्हटलं, नाहीतर क्लेम तिथंच अडकतो.